केहिमकर, किहीमकर आणि गळून पडणारा 'कर'

माझगावच्या एका शाळेतला जुना वर्गफोटो तुमच्या आईच्या कपाटात सापडला, त्यामागे मुलींची नावं लिहिलेली होती आणि त्यांत एक नाव होतं 'केहिमकर'. त्यावरून तुम्ही तीन गोष्टी विचारल्या आहेत. हे आडनाव अलिबागजवळच्या किहीमवरून आलं का? आलं असेल तर मग 'किहीमकर' का नाही? आणि जन्म मुंबईत जाऊनही तुम्हाला दुसरा केहिमकर कधी कसा भेटला नाही? शिवाय एक पुरवणी आहे. कुणीतरी तुम्हाला ठासून सांगितलंय की 'कर' लागलं म्हणजे कोकणस्थ, नाहीतर सारस्वत.

आधी पुरवणी निकालात काढू, कारण ती फार पसरलेली आहे. 'कर' जात विचारत नाही, तो फक्त गाव विचारतो. पेणकर, नागावकर, दांडेकर, दिवेकर ही आडनावं कोकणातल्या हिंदूंमध्ये आहेत आणि तीच बेने इस्रायलींमध्येही आहेत. बेने इस्रायली म्हणजे घरात मराठी बोलणारे, शनिवारी शब्बाथ (काम बंद ठेवण्याचा पवित्र दिवस) पाळणारे आपल्या कोकणातले यहुदी. तुमचं केहिमकर त्यांच्यातलं. आणि हो, ते किहीमचंच.

अलिबागहून मांडव्याच्या बाजूला निघालं की थळ, नवगाव, किहीम, झिराड ही गावं एकमेकांपासून फार लांब नाहीत. यांतल्या नवगावला या समाजाचं मूळ स्थान मानतात. पूर्वजांचं जहाज तिथल्या किनाऱ्याजवळ फुटलं आणि सात पुरुष व सात बायका वाचल्या, अशी त्यांची परंपरा सांगते. बुडालेल्यांना पुरलं ती जागा नवगावला आजही दाखवतात आणि तिथे स्मारक आहे. हे कधी घडलं याबद्दल अभ्यासकांचं एकमत नाही, आणि आडनावाच्या प्रश्नाला त्याची गरजही नाही. गरज आहे ती पुढच्या गोष्टीची. कुलाबा जिल्ह्याच्या (आजच्या रायगडच्या) गावागावांत पसरल्यावर या लोकांचा मुख्य धंदा होता तेल गाळण्याचा. शनिवारी घाणा बंद, म्हणून गाव त्यांना 'शनिवार तेली' म्हणे.

आडनाव दुर्मिळ का, याचं निम्मं उत्तर मला या घाण्यातच दिसतं. एका गावाला तेली किती लागणार? एक घर, दोन घरं. म्हणजे समाज वाढला की तो एका गावात साठत नव्हता, पुढच्या गावाला जाऊन नवा घाणा मांडत होता. म्हणून हजारांतल्या एवढ्याशा समाजाकडे गावांवरून पडलेली आडनावं शंभराहून अधिक आहेत: रोहेकर, अष्टमकर, चेऊलकर, झिराडकर, कोर्लेकर, घोसाळकर, राजपूरकर, पेझारकर... रायगड जिल्ह्याचा नकाशा समोर ठेवून वाचावीत अशी ही यादी आहे. पण प्रत्येक आडनावामागे माणसं मोजकी. केहिमकर दुर्मिळ झाले असं म्हणण्यापेक्षा ते पहिल्यापासूनच थोडे होते.

आता 'कर'ची खरी गंमत. किहिमात राहणाऱ्याला कुणी किहीमकर म्हणत नाही. तिथे सगळेच किहीमचे. तिथे माणूस अमक्याचा मुलगा असतो, तेली असतो, खालच्या आळीतला असतो. किहीमकर तो होतो थळला गेल्यावर, आणि पक्का किहीमकर होतो मुंबईत. पुण्यात राहून 'पुणेकर' म्हणून मिरवणं वेगळं, ते विशेषण आहे. आडनावातला 'कर' मात्र गाव सोडल्याची पावती असतो. म्हणून गावाच्या नावाचं आडनाव शोधत कुणी त्या गावात गेलं तर बहुतेक वेळा हात हलवत परत यावं लागतं. कोकणातल्या हिंदू 'कर'वाल्यांनाही हेच लागू आहे. तेंडुलकर शोधायला तेंडोलीला कशाला जाता, दादरला जा.

बेने इस्रायलींची मुंबई सुरू होते अठराव्या शतकाच्या मध्यापासून. सर्वांत आधी आलेल्या घराण्यांत दिवेकरांचं नाव घेतात. बरेच पुरुष कंपनी सरकारच्या पलटणीत शिरले आणि सुभेदारापर्यंत चढले. त्यांतले सॅम्युअल एझेकिएल दिवेकर टिपूच्या कैदेतून सुटून आले आणि त्यांनी 1796 साली मांडवीत समाजाचं पहिलं सिनेगॉग (यहुद्यांचं प्रार्थनास्थळ) बांधलं, 'शाआर हारहमीम'. ज्या रस्त्यावर ते उभं आहे त्याला सॅम्युअल स्ट्रीट म्हणतात. बेने इस्रायली स्वतः सिनेगॉगला 'मशीद' म्हणत, आणि ही झाली 'जुनी मशीद'. मशीद स्टेशनाचं नाव हिच्यावरून पडलं, असं बरेच जण मानतात.

याच सॅम्युअल दिवेकरांचं दुसरं नाव होतं सामाजी हसाजी दिवेकर. जुने कागद चाळणाऱ्यांनी हे लक्षात ठेवण्यासारखं आहे. सॅम्युअलचा सामाजी, एझेकिएलचा हसाजी, अब्राहमचा आबाजी, आयझॅकचा एसाजी. एकोणिसाव्या शतकातल्या एखाद्या यादीत 'एसाजी अमुककर' दिसला तर तो येसाजी कंकाच्या वळणाचा मराठा गडी असेल किंवा आयझॅकही असेल. आडनावावरून ते कळत नाही, आणि या काळात पहिल्या नावावरूनही कळत नाही. बापाचं नाव, पत्ता, कागद कुठल्या दफ्तरातला आहे, हे सगळं जुळवावं लागतं.

मग इंग्रजी शिक्षण आलं आणि उलटा प्रकार झाला. नावं बायबलच्या वळणावर परत गेली, सामाजीचा सॅम्युअल झाला. आणि त्याच ओघात गावाचा 'कर' मागे पडू लागला. स्वतःचं नाव, बापाचं नाव, गाव, अशी तीन पदरी नाव लावायची रीत होती. शाळेत, कचेरीत, रेल्वेत, इस्पितळात पहिली दोनच पदं पुढे जायची, आणि बापाचं नावच आडनाव म्हणून चिकटायचं. याची मुंबईतली उदाहरणं रोज आपल्या डोळ्यांसमोर आहेत, फक्त आपण ओळखत नाही. महालक्ष्मीहून वरळीला जाताना डॉ. ई. मोझेस रोड लागतो. ते डॉ. एलिजा मोझेस राजपूरकर, 1937 साली मुंबईचे महापौर. पाटीवरून राजपूरकर गेले. 'बूट पॉलिश'मधले जॉन चाचा, पडद्यावर नुसते 'डेव्हिड', हे डेव्हिड अब्राहम चेऊलकर. माझगावच्या सर एली कदूरी शाळेच्या मुख्याध्यापिका म्हणून दोन पिढ्यांनी ज्यांना ओळखलं त्या रिबेका रूबेन या नवगावकर.

झिराडांची तऱ्हा आणखी निराळी. कामा हॉस्पिटलच्या प्रमुख राहिलेल्या, 1966 साली पद्मश्री मिळालेल्या डॉ. जेरुशा झिराड यांच्या नावात गाव राहिलं आणि 'कर' गळला. नुसतं 'झिराड' वाचून हे मराठी आडनाव आहे हे दहांतल्या नऊ जणांच्या लक्षात येणार नाही. काहींनी तर गावही टाकलं, बापाचं नावही टाकलं आणि सरळ 'इस्रायल' हेच आडनाव लावलं.

या पार्श्वभूमीवर केहिमकर टिकलं, याचं थोडं श्रेय मी एका माणसाला देईन. हाईम सॅम्युअल केहिमकर. त्यांनी 1875 साली मुंबईत समाजातल्या मुलांसाठी शाळा काढली. तीच पुढे माझगावची सर एली कदूरी शाळा झाली. तुमच्या आईचा फोटो माझगावचा आहे म्हटल्यावर मला हीच शाळा पहिल्यांदा आठवली. बेने इस्रायलींचा सविस्तर इतिहास त्यांनी इंग्रजीत लिहिला. 1897 साली लिहून झालेला तो ग्रंथ छापला गेला 1937 साली, तेल अवीवला. या समाजावर लिहिणारा कुणीही त्या पुस्तकाला वळसा घालू शकत नाही, त्यामुळे गाव सांगणारं हे आडनाव तळटिपांतून जगभर गेलं. आपल्या काळात ते फुलपाखरांमुळे पुन्हा ओळखीचं झालं, फुलपाखरांचे अभ्यासक आयझॅक केहिमकर यांच्यामुळे. बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीत त्यांनी दीर्घकाळ काम केलं. त्याच संस्थेच्या सलीम अलींनी सुगरणीच्या घरट्यांचा गाजलेला अभ्यास 1930 साली केला तो किहीमला. योगायोगच, पण मला आवडतो.

मुंबईच्या पुढचा पसारा थोडक्यात. नोकरीच्या वाटेने ही आडनावं पुणे, अहमदाबाद, कराची इथवर गेली. कराचीचं 'मागेन शालोम' सिनेगॉग 1893 साली बांधलं गेलं ते उमरडेकर घराण्याच्या पुढाकाराने. सिंधमध्ये दगडावर कोरलेलं कोकणातलं गाव! ती इमारत 1988 साली पाडली. 1948 नंतर मोठी पांगापांग झाली ती इस्रायलकडे. छळ झाला म्हणून कुणी गेलं नाही. धर्मश्रद्धा, नातेवाईक, रोजगार अशी कारणं होती. डिमोना, बीरशेबा, अश्दोद, लोद, रामला या गावांत मराठी वस्त्या झाल्या. भारतात आज बेने इस्रायली पाच हजारांच्या आतच उरले आहेत, आणि त्यांतले बहुसंख्य मुंबई-ठाण्यात. उमरखाडी, मांडवी, भायखळा, आग्रीपाडा या जुन्या वस्त्या विरळ झाल्या आणि वजन ठाण्याकडे सरकलं. तुम्हाला दुसरा केहिमकर भेटला नाही त्याचं उरलेलं उत्तर हे. शिवाय एखादा भेटलाही असेल, 'सॅम्युअल' किंवा 'डेव्हिड' या नावाखाली.

राहिला प्रश्न लेखनाचा, आणि इथे माझी मतं ठाम आहेत.

'के' कुठून आला? माझ्या मते रोमन लिपीतून. इंग्रजीत हे आडनाव पहिल्यापासून 'के' वाचला जाईल अशा अक्षरांत लिहिलं गेलं, आणि मराठी लिहिणाऱ्यांनी तेच परत नागरीत उतरवलं. गावाचं नाव मात्र लोकांच्या तोंडी राहिलं, म्हणून ते 'किहीम' राहिलं. (हिब्रूत हा वादच नाही. तिथे इ, ई, ए या तिन्हींसाठी एकच 'योद' अक्षर येतं, किंवा तेही गाळतात.)

गावावरून आडनाव घडवायचं तर शुद्ध रूप 'किहीमकर', ही दीर्घ. काही जण 'किहिमकर' लिहितात, कारण 'किहिमात', 'किहिमाला' ही ऱ्हस्व रूपं कानात बसलेली असतात. पण 'कर' सामान्यरूपाला लागत नाही, मूळ नावाला लागतो. म्हणून आपण 'कोल्हापुरात' लिहितो आणि 'कोल्हापूरकर' लिहितो, 'ठाण्यात' म्हणतो आणि 'ठाणेकर' म्हणतो, 'रोह्याला' जातो आणि 'रोहेकर' होतो. अर्थात एखादं कुटुंब स्वतःला केहिमकर लिहीत असेल तर त्यांच्या दारावरच्या पाटीवर शुद्धलेखन लादायला जाऊ नये.

याच्याच शेजारची एक गोष्ट पाहा. जुन्या आडनावांत गावाच्या शेवटची ई बहुधा गळते: अष्टमीचे अष्टमकर, पेझारीचे पेझारकर, साखळीचे साखळकर, डिचोलीचे डिचोलकर, मंगेशीचे मंगेशकर. कोर्लईचं कोर्लेकर होताना अई आकसून ए झाला. आपण आज घडवतो ते शब्द मात्र ई सांभाळून ठेवतात: डोंबिवलीकर, बोरिवलीकर. डोंबिवलकर कुणी म्हणत नाही. गळलेली ई दिसली की ते नाव जुन्या घडणीचं आहे असं मी धरून चालतो. नियम म्हणून नव्हे, पण अंदाजाला उपयोगी पडतं.

चेऊलकरांनी तर गावाचं जुनं नावच जपलं. आज आपण चौल म्हणतो. जुन्या मराठीतलं चेऊल नकाशावरून गेलं आणि आडनावात राहिलं.

तुम्ही अशी आणखी नावं शोधणार असाल तर सिनेगॉगमधल्या देणगीदारांच्या पाट्या आणि दफनभूमीतले दगड वाचा. तिथे मराठी, हिब्रू, इंग्रजी अशा लिपी शेजारी शेजारी असतात आणि शाळेच्या पटावर गळालेला 'कर' मराठी ओळीत पुष्कळदा सापडतो. गाव ठरवताना मात्र गळलेली ई आठवा. राजपूरकर रत्नागिरीतल्या राजापूरचे नव्हेत, ते जंजिऱ्यासमोरच्या राजपुरीचे. ई गेल्यावर 'पु'चा 'पू' झाला एवढंच.