उघड्यावरचं ‘ओक्लाहोमा!’

प्रश्न : न्यू जर्सीतल्या आमच्या हौशी मंडळींचे जुलैमध्ये बागेत ‘ओक्लाहोमा!’ या अमेरिकन संगीत नाटकाचे तीन प्रयोग आहेत. ध्वनीची बाजू माझ्याकडे आहे. गेल्या उन्हाळ्यातल्या नाटकात दुसऱ्या अंकात वायरलेस माइक कोंदायला लागले, दोन खरखरून बंदच पडले. बॅटऱ्या नव्या होत्या. मग बिघडलं काय?

उत्तर : घाम. कपाळावरचा थेंब माइकच्या जाळीवर बसला की आधी आवाजाची धार जाते. गाणारा उशीत तोंड खुपसून गातोय असं वाटतं. तोच घाम वायरीवरून ट्रान्समीटरच्या (आवाज बिनतारी पाठवणारी कमरेची डबी) सॉकेटमध्ये उतरला की खरखर. असा माइक बहुतेकदा वाळल्यावर पुन्हा चालतो, फेकू नका.

ट्रान्समीटर कमरेला उलटा बांधा, सॉकेट खाली. वायर त्याच्याखाली बोटभर लोंबू द्या आणि मग वर वळवा. घाम त्या वळणावरून गळून पडतो. ट्रान्समीटरवर बिनतेलाचा कोरडा निरोध चढवा. संकोच नको, व्यावसायिक नाटकांतही हेच करतात. मानेवरची त्वचा स्पिरिटने पुसून पूर्ण वाळली की मगच टेप लावा. जाळीच्या टोप्या सुट्या निघत असतील तर माणशी २ जादा ठेवा.

त्या बदलायला वेळ नाटकच देतं. पहिल्या अंकाच्या शेवटी नायिका लॉरीच्या स्वप्नाचा लांबलचक बॅले (नृत्यप्रसंग) आहे. स्वप्नातले लॉरी आणि नायक कर्ली वेगळे नर्तक करत असतील, तर गाणारे दोघं तेवढा वेळ विंगेत मोकळे असतात. त्यांचं तिथेच उरका, बाकीच्यांचं मध्यंतरात.

सुरुवात फार जपा. आपल्या संगीत नाटकासारखी नांदी इथे नाही. आंट एलर एकटी लोणी घुसळतेय आणि कर्लीचा आवाज विंगेतून, वाद्यांशिवाय येतो. वाऱ्याची घरघर सगळ्यात जास्त इथेच ऐकू येईल. कर्लीच्या माइकवर साधारण १०० हर्ट्झखालचा खर्ज कापा, बाकीचे सगळे बंद ठेवा.

प्रश्न : दोन गाणी मराठीत म्हटली आणि बॅले गाळला तर?

उत्तर : लेखी परवानगीशिवाय दोन्ही नाही. प्रयोगाचे हक्क देणाऱ्या ‘कॉन्कर्ड थिएट्रिकल्स’ कंपनीचा परवाना आहे तशा संहितेचा असतो. नाटक १९४३चं असलं तरी अमेरिकेत त्याचे हक्क २०३८ अखेरपर्यंत आहेत. शिवाय शेतगडी जड फ्राय याची लॉरीला वाटणारी भीती त्या बॅलेतच पुरती उघडी पडते. तो गेला की दुसरा अंक लंगडा होतो. नर्तक कमी असतील तर ६ जणांत बसवा. नृत्यदिग्दर्शिका अ‍ॅग्नेस डी मिलच्या मूळ रचनेची नक्कल नको, तुमची स्वतःची करा. मराठी प्रेक्षकांसाठी गाण्यांचा आशय तुमच्या शब्दांत पत्रकावर छापा.