पत्रिका डिजिटलवर काढू की ऑफसेटवर?

प्रश्न: मुलीच्या लग्नाच्या 150 पत्रिका छापायच्यात. प्रेसवाले म्हणतात ऑफसेट परवडणार नाही, डिजिटलवर काढा. फरक काय, आणि घडीवर रंग उडतो म्हणतात ते खरंय का?

उत्तर: प्रेसवाले बरोबर सांगतायत. ऑफसेटला चार रंगांच्या चार प्लेटा (छपाईचे पत्रे) लागतात, मग रंग जुळेपर्यंत कागद वाया जातो, आणि हा सगळा खर्च 150 पत्रिकांवर पडला की एकेक पत्रिका महागच पडणार, हजारोंनी छापायचं असेल तर गोष्ट वेगळी. डिजिटलमध्ये प्लेटच नाही. लेसरवाल्या मशीनमध्ये ड्रमवर स्थिर विजेचा चार्ज असतो, लेसर पडतो तिथला चार्ज उतरतो, टोनरची पावडर तेवढ्याच जागी चिकटते, तिथून कागदावर येते आणि गरम रोलर ती वितळवून पक्की करतो. अमेरिकन संशोधक चेस्टर कार्लसनने 1938 मध्ये न्यूयॉर्कला याच तत्त्वावर पहिली प्रत काढली होती, लेसर नंतर आला. प्रत्येक प्रतीसाठी चित्र नव्याने तयार होतं, म्हणून प्रत्येक पत्रिकेवर पाहुण्यांचं नाव वेगळं छापता येतं, मला तर हे फारच आवडतं, नक्की करून घ्या.

घडीचं मात्र खरंय. टोनर म्हणजे मुळात प्लॅस्टिक, त्याचा थर कागदावर बसतो आणि जाड कागद दुमडला की तडकतो. आधी क्रीझिंग करून घ्या, म्हणजे घडीच्या जागी दाबून रेघ पाडून घ्या, घडीवर गडद रंग टाळा.