घरी वाय-फाय घेऊ का? ताई, आधी एक रिचार्ज जाऊ द्या

औशाहून एका ताईंचं पत्र आहे. घरात चार फोन. ताईंचा, मिस्टरांचा आणि मुलीचा ३४९ चा पॅक, सासूबाईंचा २९९ चा, सगळे २८ दिवसांचे. मुलगी बारावीला आहे, नीटची तयारी करते, लातूरच्या क्लासला एसटीनं जाऊन-येऊन असते. तिचा रोजचा २ जीबी संध्याकाळीच संपतो आणि वरच्या डेटा पॅकवर महिन्याला शंभरेक रुपये जातात. ताई घरीच शिवणकाम करतात, त्यांचा निम्मा डेटा तसाच राहतो. मिस्टर कापडाचे आठवडी बाजार करतात, त्यामुळे पैसा एकसारखा येत नाही. आता गल्लीत फायबरची वायर आली आहे. महिना ५९९ अधिक जीएसटी, सहा महिन्यांचे एकदम भरले तर जोडणीचे १,५०० माफ. मिस्टर म्हणतात, घेऊन टाकू, चौघांचे रिचार्ज वाचतील. ताई विचारतात, खरंच वाचतील का?

ताई, रिचार्ज आपोआप वाचत नाहीत. वायर घरात आली म्हणून पॅक लहान होत नाही, तो आपण लहान करावा लागतो. आणि कोणतं ॲप कधी कुठला डेटा वापरतं हे हातात आल्याशिवाय लहान पॅक टिकत नाही. माझ्या स्वतःच्या घरी हे घडलंय. फायबर घेतलं, पण मोठे पॅक सवयीनं चालूच ठेवले. सात महिने दोन्हीकडे पैसे भरले आणि मग वही काढली.

आधी आजचा खर्च बघू. चौघांचे मिळून २८ दिवसांना १,३४६ रुपये. वर्षात बारा नाही, तेरा रिचार्ज बसतात, म्हणजे १७,४९८. वरचे डेटा पॅक धरून १८,६९८. दर महिन्याला त्याच तारखेला येणारा निदान एक तरी पॅक प्रत्येक कंपनीनं ठेवावा, असा ट्रायचा, म्हणजे फोन कंपन्यांवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी संस्थेचा, २०२२ चा आदेश आहे. दुकानदार तो स्वतःहून सांगत नाही, विचारा. स्वस्त पडेलच असं नाही, पण तारीख पक्की राहते.

फायबरच्या ५९९ वर १८ टक्के जीएसटी लागला की ७०७ होतात, वर्षाचे ८,४८२. मोबाइलच्या पॅकची किंमत करासकट लिहिलेली असते, फायबरची बहुतेकदा कराशिवाय. तुलना करताना इथंच फसगत होते.

समजा फायबर घेतलं आणि पॅक खरोखर कमी केले. तुमच्या रिचार्जवाल्यानं ८४ दिवसांचा, एकूण ६ जीबीचा पॅक ५५० ला सांगितलाय. तुम्ही आणि मुलगी त्यावर आलात तर दोघींचे वर्षाला साधारण ४,७८०. मिस्टरांचा दिवस निलंगा, किल्लारीच्या बाजारात जातो, त्यांचा ३४९ चा पॅक तसाच ठेवायचा, ४,५३७. सासूबाईंना फक्त बोलण्याचा, वर्षभराचा पॅक, हिशेबाला १,८५० धरू. डेटा नसलेला असा पॅक कंपन्यांनी द्यायलाच हवा, असा नियम ट्रायनं डिसेंबर २०२४ मध्ये केला. त्यांची कीर्तनं आणि व्हिडिओ कॉल घरच्या वाय-फायवर चालतील. बेरीज ११,१६७, त्यात फायबर मिळवलं की १९,६४९. म्हणजे इतकी काटछाट करूनही आजच्यापेक्षा साडेनऊशे जास्तच.

म्हणून मिस्टरांना सांगा, फायबर घ्यायचं तर मुलीच्या अभ्यासासाठी घ्यायचं, बचतीसाठी नाही. आणि अभ्यासाला ते खरंच लागतं का, ते तिच्या फोनमध्येच लिहिलेलं आहे.

फोनच्या सेटिंग्जमध्ये डेटा वापराची यादी असते, ॲपवार. वरची चार नावं कागदावर उतरवा. पोरीला रागवायला नाही, तिच्याशेजारी बसून. कित्येकदा रील्सचा दोष नसतोच. फोटो आपोआप वर चढत असतात, प्ले स्टोअर अपडेट उतरवत असतं, क्लासच्या ग्रुपवरचे व्हिडिओ न मागता डाउनलोड होत असतात. हे सगळं थांबवता येतं. प्ले स्टोअरमध्ये अपडेट फक्त वाय-फायवर, गूगल फोटोजच्या बॅकअपला मोबाइल डेटा बंद. व्हॉट्सॲपच्या स्टोरेज आणि डेटामध्ये मोबाइल डेटाखालचे फोटो, ऑडिओ, व्हिडिओ यांच्या टिका काढून टाका. बाकीच्या ॲपचं नाव दाबून धरलं की ॲप इन्फो येतं, त्यात बॅकग्राउंड डेटाचं बटण असतं. काही फोनमध्ये ॲपपुढे मोबाइल डेटा आणि वाय-फाय अशी दोन वेगळी बटणं मिळतात. आयफोन असेल तर मोबाइल डेटाच्या पानावरच प्रत्येक ॲपचं बटण आहे. बँकेचं ॲप, फोनपे, गूगल पे यांना हात लावू नका. त्यांना डेटा नगण्य लागतो आणि ऐनवेळी ते अडले तर बाजारात उभ्या माणसाची पंचाईत होते.

लेक्चरचं गणित वेगळं. व्हिडिओच्या क्वालिटीत ७२० निवडलं तर तासाला साधारण एक जीबी जातो, ४८० वर त्याच्या निम्मा. २ जीबीत ४८० वर चार तास निघतात. पण फळ्यावरचं बारीक रसायनशास्त्र तिला ४८० वर वाचता येतं का, ते तिला विचारा. नाही म्हणाली तर तिचं ऐका, डोळे ताणून अभ्यास होत नाही.

तुमचा उरलेला डेटा रात्री बारा वाजता वाया जातो. तो हॉटस्पॉटनं मुलीला द्या. फक्त एक काळजी घ्या. हॉटस्पॉटला जोडलं की फोनला वाटतं वाय-फाय आलं, आणि अडवून ठेवलेले अपडेट, बॅकअप सगळे एकदम सुटतात. तिच्या फोनमध्ये त्या हॉटस्पॉटच्या नावावर जाऊन नेटवर्क वापर ‘मीटर्ड’ करून ठेवा, म्हणजे इथला डेटा मोजका आहे हे फोनला कळतं. आयफोनमध्ये त्याच जागी लो डेटा मोड आहे.

एवढं केलं, वरचे पॅक थांबले आणि सासूबाईंना बोलण्याचा पॅक देऊन दुपारी तुमच्या हॉटस्पॉटवर घेतलं, तर वर्षाचा खर्च १५,४६१ वर येतो. म्हणजे ३,२३७ ची खरी बचत. तुम्ही माहेरी गेलात की त्यांचे व्हिडिओ कॉल बंद पडतील, साधे फोन चालतील. हे त्यांना आधी सांगा, नाहीतर नाराजी तुमच्यावर.

फायबर आणि हा मार्ग यांत वर्षाला ४,१८८ चा फरक आहे, महिन्याला साडेतीनशे. माझं मत असं, की पुढचे २८ दिवस फायबर घेऊ नका. बटणं नीट करून एक रिचार्ज पूर्ण जाऊ द्या. त्यानंतरही डेटा संध्याकाळी संपला आणि यादीत वर लेक्चरचं ॲपच दिसलं, तर बिनधास्त घ्या. मे महिन्यातल्या नीटपर्यंत साडेतीनशे रुपये मुलीच्या अभ्यासाला जास्त नाहीत. मी असतो तर दिले असते.

घेतलंच तर ज्या दिवशी जोडणी होईल, त्याच दिवशी कुठला पॅक कधी संपतो ते भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहा आणि संपला की लहानच मारा. आपल्याकडे लाइट जाते, लाइट गेली की राउटर बंद. फोन न सांगता मोबाइल डेटावर जातो, आणि ८४ दिवसांचे ६ जीबी दोन-तीन संध्याकाळी लेक्चर चालू राहिलं तरी संपतात. त्यामुळे लेक्चरच्या ॲपचा मोबाइल डेटा तेव्हा बंदच ठेवायचा. वाय-फाय कमजोर झालं की आपोआप मोबाइल डेटावर जाण्याची सोय बऱ्याच फोनमध्ये असते, आयफोनमध्ये तिला वाय-फाय असिस्ट म्हणतात. तीही बंद करा. राउटरपुरता छोटा यूपीएस मिळतो, पण पहिल्या महिन्यात लाइट किती जाते ते बघून मगच तो घ्या.

सहा महिन्यांचे ४,२४१ एकदम भरण्याआधी गल्लीतल्या दोन घरी विचारा, पावसात लाइन किती दिवस बंद होती आणि तक्रारीला माणूस कधी आला. उत्तर चांगलं आलं तर १,५०० वाचवायला हरकत नाही, पण ते पैसे लग्नसराईच्या बाजारातून आलेले असू द्या, मालाच्या उधारीतले नकोत. राउटर परत करताना अनामत मिळते का, तेही पावतीवर लिहून घ्या.

२८ दिवसांनी ती चार नावं मला कळवा.