विचारा डॉक्टरांना: रात्री घोरणं, दिवसा पेंगणं

प्रश्न: डॉक्टर, आमच्या ह्यांचं वय 46, चादरी-टॉवेलचा माल टेम्पोतून पुण्याला नेतात, आठवड्याला तीन खेपा. घरी असले की रात्री दहाला पडतात ते सकाळी सहालाच उठतात, तरी दिवसभर डोळ्यावर झापड. परवा सात रस्त्याला सिग्नल सुटला तरी गाडी हलेना, मागचे हॉर्न मारायलेत, मी शेजारीच बसलेली, बघते तर हे स्टेअरिंगवर पेंगायलेत. घोरणं तर असलं की शेजारचे विचारतात. मध्येच आवाज एकदम बंद पडतो, मला वाटतं काय झालं की, आणि मग मोठ्यानं गुरगुरून परत सुरू. ह्यांना सांगितलं तर म्हणतात रात्री पाणी भरायला उठावं लागतं म्हणून झोपमोड होते. सासूबाई म्हणतात गाढ झोप लागली की माणूस घोरतोच. कुणाचं खरं?
(अक्कलकोट रोडवरच्या एक वाचक, सोलापूर)

उत्तर: ताई, तुमचं खरं. पाण्याचं कारण मला पटत नाही कारण पाणी काय आपल्याकडं रोज येत नाही आणि ह्यांना पेंग मात्र रोज येते. आणि सासूबाईंना सांगा, रागावू नका म्हणावं, पण हे असलं घोरणं गाढ झोपेचं लक्षण नाही, उलट गाढ झोप लागूच देत नाही ते. ह्याला स्लीप ॲप्निया म्हणतात, म्हणजे झोपेत श्वास अडण्याचा आजार.

होतं काय, झोपेत घशाचे स्नायू सगळ्यांचेच सैल पडतात, पण ज्याची मान जाड, वजन जास्त किंवा जबडाच लहान, त्याची जीभ आणि टाळूचा मऊ भाग मागं पडून हवेची वाट अरुंद होते. अरुंद वाटेतनं हवा जाताना मांस थरथरतं, तो घोरण्याचा आवाज. वाट पूर्ण मिटली की आवाज बंद, म्हणजे तुम्हाला जी मधली शांतता ऐकू येते ना, घाबरायचं तिला. छाती-पोट हलत असतं पण हवा आत जात नाही, रक्तातला ऑक्सिजन उतरतो, मेंदूला ते कळतं, तो माणसाला काही सेकंदांपुरता जागा करतो, घसा उघडतो, गुर्र करून श्वास येतो आणि गडी परत झोपतो. सकाळी ह्यातलं काहीही आठवत नाही. म्हणून ह्या आजारात पेशंटच्या साक्षीला किंमत कमी, शेजारी झोपणाऱ्याच्या साक्षीला जास्त.

श्वास 10 सेकंद किंवा जास्त अडला की एक मोजतात, अर्धवट अडलेलेही धरतात. तासाला 5 ते 15 म्हणजे सौम्य, 15 ते 30 मध्यम, 30 च्या पुढं तीव्र. तासाला 30 म्हणजे दर दोन मिनिटाला एकदा, आठ तासात 240 वेळा. तुमच्या भागात घरोघरी माग बघितलेत, म्हणून सांगतो, धागा तुटला की माग थांबतो, गाठ मारली की परत चालू, पण दर दोन मिनिटाला धागा तुटायला लागला तर कामगाराची पाळी आठ तास भरेल ओ, कापड किती निघेल? तसंच आहे हे. घड्याळात आठ तास झोप, अंगाला लागली त्यातली थोडीच.

मग दिवसा मेंदू उधारी वसूल करतो. नुसती पेंग नाही, लक्ष मधनंच सुटतं, सांगितलेलं विसरायला होतं, ब्रेकवर पाय जायला उशीर होतो, चिडचिड वाढते, आणि माणसाला त्याची इतकी सवय होते की तो म्हणतो मला काय झालंय, मी तर ठणठणीत. चहानं तासभर तरतरी येते पण न झालेली झोप चहानं भरून निघत नाही.

मला खरी काळजी टेम्पोची आहे. 60 च्या स्पीडला गाडी सेकंदाला साधारण 17 मीटर जाते, चार सेकंद डोळा लागला तर 65 मीटरच्या पुढं गाडी ड्रायव्हरविना गेली, आणि टेंभुर्णी-मोहोळ पट्ट्यातला तो सरळ रस्ता, झोपेला ह्याहून बरं काय पाहिजे. उपचार सुरू होऊन पेंग जाईपर्यंत खेपा दुसऱ्याकडं द्या, धंदा थोडा बुडाला तरी चालेल. अगदीच कुठं डोळे जड झाले तर गाडी बाजूला घेऊन पंधरा-वीस मिनिटं झोपायचं, काच खाली करून गाणी लावण्यात अर्थ नाही.

आज रात्री मोबाईलवर त्यांचं घोरणं आणि मधलं थांबणं रेकॉर्ड करा, भांडायला नाही, दाखवायला. ते घेऊन ईएनटी किंवा छातीच्या डॉक्टरांकडं जा. ते स्लीप स्टडी सांगतील, एक रात्र अंगाला सेन्सर लावून झोपायचं, काहींना घरीसुद्धा करता येते. बीपी तपासून घ्या, ह्या आजारात ते बऱ्याचदा वाढलेलं असतं. आजार जास्त निघाला तर सीपॅप मशीन, नाकावर मास्क आणि हवेचा दाब, त्यानं घसा मिटत नाही. हा उपाय 1981 पासून आहे आणि त्यात ऑक्सिजनचा सिलिंडर वगैरे काही नसतं, साधी हवाच असते. पहिले काही दिवस मास्क नकोसा होतो, कपाटात टाकून देऊ नका, रोज लावला तर बऱ्याच जणांना थोड्या दिवसांत फरक जाणवतो. वजन उतरवणं, उताणं न झोपता कुशीवर झोपणं, हेही करायचंच. आणि रात्री ‘थोडी’ घेत असतील (तुम्ही लिहिलं नाही, मी विचारतोय) तर ती बंद, दारूनं घसा अजून सैल पडतो. झोपेच्या गोळ्याही मनानं नकोत.

प्रश्न: मी बारीक आहे, वय 54, पाळी जाऊन तीन वर्षं झाली. घोरणं फार नाही, पण सकाळी डोकं जड, दिवसभर थकवा. थायरॉईड, हिमोग्लोबिन नॉर्मल. मलाही हेच असेल का?

उत्तर: असू शकतं. पाळी गेल्यावर बायकांमध्ये ह्याचं प्रमाण वाढतं, आणि बायका ‘झोप येते’ असं कमी म्हणतात, ‘थकवा आहे, रात्री झोप तुटते’ असं म्हणतात, म्हणून निदान मागं राहतं. रात्री लघवीला दोन-तीनदा उठत असाल, तोंड कोरडं पडत असेल तर तेही डॉक्टरांना सांगा. बारीक आहात म्हणून कुणी हसण्यावारी नेलं तरी तपासणीचा आग्रह धरा.

प्रश्न: दुपारी कडक भाकरी, शेंगाचटणी खाल्ली की मला झोप आवरत नाही. हा आजार म्हणायचा का?

उत्तर: नाही हो, मे महिन्यात आपल्याकडं 43 डिग्रीत जेवून जागा राहणाराच वेगळा. दुपारची डुलकी सगळ्यांना येते. पण नको तिथं येते का ते बघा. एपवर्थ नावाची आठ प्रश्नांची चाचणी आहे: वाचताना, टीव्ही बघताना, मीटिंगमध्ये नुसतं बसल्यावर, तासभर गाडीत मागं बसल्यावर, दुपारी आडवं पडल्यावर, कुणाशी बोलताना, जेवून शांत बसल्यावर, आणि ट्रॅफिकमध्ये गाडी थांबल्यावर डोळा लागण्याची शक्यता किती, प्रत्येकाला 0 ते 3 मार्क. बेरीज 10 च्या वर गेली तर तो कागद घेऊन डॉक्टरांकडं जा. आणि मार्क टाकताना बायकोला शेजारी बसवा.