वर्गात एकही मुलगा नसताना ‘सर्व मुलगे पास’ हे विधान खरं कसं?

तुमचे प्रश्न दोन आहेत. वर्गात मुलगाच नसेल तर ‘वर्गातले सर्व मुलगे पास’ हे तर्कशास्त्रात खरं का धरतात? आणि ∀ (‘प्रत्येकासाठी’), ∃ (‘निदान एक आहे’) या चिन्हांचा क्रम बदलला तर काय बिघडतं? पहिल्या प्रश्नावरून मी एका नोकरीत कडाक्याचं भांडले आहे, म्हणून आधी तोच.

∀क्ष (मुलगा(क्ष) → पास(क्ष)), इथे → म्हणजे ‘असेल तर’. यात मुलगे आहेत असं कुठेच म्हटलेलं नाही. म्हटलंय एवढंच की कुणालाही समोर आणा, तो या वर्गातला मुलगा असेल तर पास असेल. हे खोटं पाडायला एक नापास मुलगा दाखवावा लागतो. मुलगाच नाही, तर नापास मुलगा आणणार कुठून? खोटं पाडता येत नाही, म्हणून खरं. जे → च्या जागी ∧ (‘आणि’) लिहितात ते खडू-फळ्यासकट जगातली प्रत्येक वस्तू वर्गातला मुलगा आहे आणि पास आहे असं म्हणत असतात.

‘हा पुस्तकी हट्ट आहे, व्यवहारात चालत नाही’ असं सांगणारे भेटतील. आमचा टीम लीड त्यातलाच. ऑर्डरींचं सॉफ्टवेअर होतं. ऑर्डरमधली प्रत्येक वस्तू पॅक झाली की ऑर्डर ‘रवाना’ व्हायची आणि गिऱ्हाइकाला मेसेज जायचा. काही जणांनी एकेक करत सगळ्याच वस्तू रद्द केल्या. यादी रिकामी, अट पूर्ण, मेसेज गेला: तुमची ऑर्डर निघाली आहे. तक्रारींचे फोन सुरू झाले. लीडचं निदान असं की पायथॉन या प्रोग्रामिंगच्या भाषेतलं ऑल (‘सगळे आहेत का’ हे तपासणारं फंक्शन) रिकाम्या यादीला ट्रू, म्हणजे ‘खरं’, देतं, हाच घोळ. त्याने स्वतःचं फंक्शन लिहिलं, जे रिकाम्या यादीला फॉल्स, म्हणजे ‘खोटं’, द्यायचं, आणि ते सगळीकडे लावलं.

मी तेव्हाच सांगत होते की हे करू नका. ‘सर्व वस्तू पॅक आहेत असं नाही’ आणि ‘निदान एक वस्तू पॅक व्हायची आहे’ यांचा अर्थ एकच. ¬ म्हणजे नकार, आणि ¬∀ म्हणजे ∃¬. सगळा प्रोग्राम त्या भरवशावर उभा असतो. गोदामाच्या स्क्रीनवर ‘सर्व पॅक नाहीत’ अशा ऑर्डरी दिसायच्या. आता तिथे रिकाम्या ऑर्डरी येऊन बसल्या. गोदामातली पोरं ऑर्डर उघडून बघतात तर आत वस्तूच नाही. पॅक काय करणार? ऑर्डर काही तिथून हलेना. पुढे तर आणखी वाईट. ऑर्डर दोन गोदामांत विभागली जायची आणि दोन्हीकडून ट्रू आलं की पूर्ण व्हायची. एका गोदामाच्या वाट्याला काहीच आलं नसेल तर तिथून फॉल्स यायचं, आणि दुसऱ्याने सगळं पॅक करूनही माल अडकून पडायचा. बेरीज शून्यापासून सुरू करतात, तशी ‘आणि’ची साखळी ट्रूपासूनच सुरू करावी लागते.

मीटिंगमध्ये मला ‘थिअरी कॉलेजात ठेवा’ असं ऐकवण्यात आलं. काय मोडणार हे थिअरीनेच आधी सांगितलं होतं. दुरुस्ती एका ओळीची होती: ऑर्डरमध्ये निदान एक वस्तू आहे आणि प्रत्येक वस्तू पॅक आहे. अस्तित्वाची खात्री हवी तर ∃ लिहून मागा, ∀ च्या पोटात कोंबू नका. कुणी वाद घातलाच तर त्याला त्याच्या अर्थाच्या ∀ चा नकार लिहायला सांगा. ∃¬ पुरत नाही, शेपटीला ‘किंवा यादी रिकामी आहे’ जोडावं लागतं, आणि ते तो प्रत्येक ठिकाणी विसरणार.

क्रमाबद्दल थोडक्यात. ‘प्रत्येक क्ष साठी कुठला तरी न सापडतो’ आणि ‘एकच न सगळ्या क्ष ना पुरतो’ यांत दुसरं विधान फार कडक आहे. दुसऱ्यावरून पहिलं निघतं, उलट निघत नाही. गणितज्ञ कोशीने १८२१ मध्ये संतत (कंटिन्युअस) फलांच्या (फंक्शन्सच्या) अभिसारी (कन्व्हर्जंट) श्रेणीची बेरीज संततच असते असं मांडलं, आणि १८२६ मध्ये गणितज्ञ आबेलने त्याला अपवाद दाखवला. आज तो फरक याच क्रमाने सांगतात: न म्हणजे बेरीज हवी तितकी जवळ यायला श्रेणीतली किती पदं घ्यावी लागतात ती संख्या; सगळ्या क्ष ना एकच न पुरत असेल तर प्रमेय टिकतं. सरावाला ही दोन विधानं घेऊन प्रत्येकाचा नकार लिहून बघा.

एक राहिलं. वरचं सगळं तर्कशास्त्रज्ञ फ्रेगेच्या १८७९ च्या पुस्तकानंतरच्या तर्कशास्त्राचं. अॅरिस्टॉटलच्या परंपरेत ‘सर्व अ’ म्हटलं की निदान एक अ असतोच असं धरलेलं आहे, म्हणून तिथे ‘सर्व अ हे ब आहेत’ यावरून ‘काही अ हे ब आहेत’ काढता येतं. तुमच्या पेपरात विरोधाचा चौकोन (‘सर्व’, ‘काही’ आणि त्यांचे नकार यांचे संबंध दाखवणारी त्या परंपरेतली आकृती) असेल तर त्या पद्धतीने उत्तर लिहा, माझ्या नाही.