आधी मूळ ओळ ऐका
हिप-हॉपमधील प्रादेशिक वैर समजून घ्यायचे असेल, तर पश्चिम किनाऱ्याचा टुपाक आणि न्यूयॉर्कचा बिगी या अमेरिकन रॅपरांच्या १९९६ व १९९७ मधील हत्यांपासून सुरुवात करू नका, कारण त्या शोकांतिकेपुढे संगीत ऐकूच येत नाही. त्याऐवजी न्यूयॉर्कमधल्याच क्वीन्सब्रिज आणि साउथ ब्रॉन्क्स या वस्त्यांमधली चकमक घ्या. क्वीन्सब्रिजचा रॅपर एमसी शान याने 'द ब्रिज' या गाण्यात आपल्या वस्तीत हे सारे कसे सुरू झाले ते सांगितले. साउथ ब्रॉन्क्सचा रॅपर केआरएस-वन याने त्याचा अर्थ हिप-हॉपचाच जन्म तिथे झाला असा लावला (मुद्दामच लावला, असे माझे मत) आणि १९८७ मध्ये 'द ब्रिज इज ओव्हर'मधून, जमैकन ढंगाच्या उच्चारांत, पियानोच्या ठोक्यांवर त्याची खिल्ली उडवली. दोन्ही गाणी लागोपाठ ऐका. शानच्या सुरुवातीच्या ओळी मात्र दोनदा.