मुस्तफाच्या अंगावर उभ्या रेघा

खानापूरहून एक वाचक: काका, आमच्या वडलांचं स्टँडजवळ व्हिडिओ गेमचं दुकान होतं, ते बंद झालं त्याला लई वर्षं झाली. परवा माळा साफ करताना मुस्तफा गेमचा सर्किट बोर्ड सापडला. जोडला तर चालू झाला की! आवाज येऊलालाय, कॉइन घेऊलालाय, मागचं चित्र पण नीट, पण माणसं आणि डायनोसॉर सगळे उभ्या रेघांनी कापल्यासारखे दिसूलालेत. बेळगावात एकाला दाखवला तर तो म्हणतो सगळ्या रॉम (गेम साठवलेल्या चिप) नवीन मारायला लागतील. मारू काय?

उत्तर: थांब रे बाबा, एवढ्यात काही मारू नको. त्या माणसाने बोर्ड बघितला असेल, स्क्रीन बघितली नाही. अर्धं उत्तर तर तुझ्याच पत्रात आहे. आवाज येतो, कॉइन घेतो, गेम पुढे सरकतो, म्हणजे प्रोसेसर, त्याची रॅम, प्रोग्रामची रॉम हे सगळं जिवंत आहे. मागचं चित्र नीट आहे म्हणजे रंग, सिंक (चित्र जागेवर धरणारा सिग्नल), बाहेर जाणारी वायर पण ठीक. मग राहिलं काय, तर फक्त माणसांची चित्रं जिथून येतात तेवढी वाट. बघ, सोल्डरिंगची इस्त्री गरम न करताच तीन चतुर्थांश बोर्ड बाजूला पडला.

आता रेघा उभ्याच का. चित्राच्या रॉममधून एका वेळी आठ किंवा सोळा बिट बाहेर पडतात आणि ते शेजारशेजारच्या पिक्सेलमध्ये वाटले जातात. त्यातली एक वायर मेली, म्हणजे एक पाय सॉकेटमध्ये गेलाच नाही किंवा रॉमचं एक आउटपुट गेलं, की दर चौथा नाहीतर दर आठवा पिक्सेल चुकतो, आणि चुकतो तो प्रत्येक ओळीत त्याच जागी, म्हणून कंगव्यासारख्या उभ्या रेघा. डेटाऐवजी अ‍ॅड्रेसची वायर, म्हणजे कुठल्या कप्प्यातून वाचायचं ते सांगणारी, तुटली तर रेघा येत नाहीत, तिथे डोक्याच्या जागी पाय येतो, नाहीतर एकच तुकडा दोनदा दिसतो. आणि आकार सगळा नीट पण माणूस जांभळा, असं झालं तर तो रंगाचा विषय, रॉमच्या वाटेला जायचंच नाही.

मुस्तफा म्हणजे कॅपकॉमचा १९९३ चा कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स. तो गेम ज्या सिस्टीमवर आहे तिथे माणसं आणि मागच्या चित्राचे तिन्ही थर एकाच रॉमच्या साठ्यातून येतात, फक्त कोणाचा कप्पा कुठे ते वेगळं. त्यामुळे माणसंच खराब आणि मागचं नीट असं होऊ शकतं, आणि त्याचा अर्थ एखादी चिप किंवा तिचं सॉकेट, सगळ्या नव्हे.

कर असं. आधी मीटर घे आणि ५ व्होल्ट बोर्डावर मोज, सप्लायवर नाही. कुठल्याही १४ पायांच्या ७४एलएस आयसीचा (छोटी लॉजिक चिप) पाय ७ ग्राउंड आणि १४ ला ५ व्होल्ट. (काही मोजके नंबर याला अपवाद आहेत, म्हणून दोन-तीन आयसीवर मोजून बघ.) सप्लायला ५.०५ दिसतात आणि बोर्डावर ४.६ पोचतात हे मी किती वेळा बघितलंय, मधली वायर बारीक आणि कनेक्टर काळा. या आयसींना ४.७५ च्या खाली चालवायचं नसतं, आणि कमी व्होल्टेजवर चित्रात कुठलाही कचरा येऊ शकतो, मग आपण उगाच रॉमला शिव्या घालत बसतो. कनेक्टरची सोनेरी पट्टी साध्या खोडरबरने घास आणि वरून आयसोप्रोपिल अल्कोहोल फिरव.

मग बंद करून चित्रांच्या रॉम एकेक उचलायच्या आणि परत बसवायच्या. खानापूरच्या पावसात इतकी वर्षं माळ्यावर पडलेला बोर्ड म्हणजे पाय काळे पडलेले असणारच, नुसतं काढून घालण्याने निम्मे बोर्ड बरे होतात. आणि एक गंमत सांगतो, या बोर्डात चित्रांची रॉम काढून ठेवली तरी गेम चालतो, प्रोसेसरला तिची गरजच नसते. म्हणून बोर्ड बंद करून एक रॉम काढ, परत चालू कर आणि बघ काय बदललं. जी काढल्यावर माणसांत काही फरकच पडत नाही ती एकतर मागच्या चित्राची, नाहीतर आधीपासूनच मेलेली. मोबाईलवर फोटो काढत जा, कुठली कुठे होती आणि खाच कुठल्या बाजूला होती ते नंतर आठवत नाही. उलटी बसवून चालू केलीस तर ती गेलीच म्हणून समज.

शेवटी रॉम वाचायची. साधा यूएसबी प्रोग्रॅमर (रॉम वाचायचं यंत्र) असेल तर वाचून तिचा चेकसम (आतल्या डेटावरून निघणारा ओळखीचा आकडा) मेममधल्या, म्हणजे जुने गेम संगणकावर चालवणाऱ्या प्रोग्राममधल्या, यादीशी जुळवायचा. हा मेम प्रकार १९९७ पासून चाललाय आणि त्यात डुप्लिकेट बोर्डांचे सुद्धा वेगवेगळे सेट आहेत, त्यामुळे ओरिजनलशी जुळलं नाही म्हणून घाबरू नको. आपल्याकडच्या दुकानांत बहुतेक डुप्लिकेटच होते. खिडकीवाली ईप्रॉम, म्हणजे वर काच असलेली पुसता येणारी रॉम, असेल आणि वरचा स्टिकर पडला असेल तर मात्र संशय घे, थेट उन्हात आठवडाभरात अशी रॉम पुसली जाऊ शकते.

एकदा असल्याच रेघांसाठी मी चार आयसी बदलले, दोन रविवार घालवले, आणि शेवटी रॉमचा एक पाय सॉकेटच्या खाली दुमडलेला निघाला. वरून बघितलं तर आत गेल्यासारखा दिसत होता. तेव्हापासून आधी भिंग, मग इस्त्री.

निपाणीहून एक वाचक: एक जुना झेड-८० प्रोसेसरचा गेम बोर्ड घेतला, नाव-गाव काही नाही त्याच्यावर. चित्रं छान येतात पण अक्षरं भलतीच. रेडीच्या (आर-ई-ए-डी-वाय) जागी एस-ई-ए-ई-वाय असं काहीतरी येतं. रॉम गेली म्हणायची का?

उत्तर: वा, असलं पत्र आलं की चहा बाजूला ठेवून बसतो मी! रॉम गेलेली नाही, कारण अक्षरं भलती असली तरी प्रत्येक अक्षर स्वच्छ आहे ना? रॉम म्हणजे ठशांची पेटी, कुठल्या चौकटीत कितव्या नंबरचा ठसा मारायचा ते व्हिडिओ रॅममध्ये लिहिलेलं असतं. ठसा नीट आणि चुकीचा, म्हणजे नंबर चुकला.

आता तुमचा शब्द बघा. असल्या पुष्कळ बोर्डांत अक्षरांचे नंबर संगणकाच्या नेहमीच्या कोडप्रमाणे असतात. आर म्हणजे ८२, डी म्हणजे ६८, हे दोन्ही सम. ई ६९, ए ६५, वाय ८९, हे विषम. तुमच्याकडे आरचा एस झाला, ८३, डीचा ई झाला, ६९, आणि बाकीची तीन जागेवर. सम नंबर एकाने वाढले, विषम तसेच. म्हणजे सगळ्यात खालचा बिट कायम १ ला चिकटलाय. बोर्डाला हात न लावता कळलं!

बोर्डावर २११४ नावाच्या १८ पायांच्या रॅम असतील तर त्या चार-चार बिटच्या असतात, जोडीने एक बाइट होतो, तेव्हा खालच्या चार बिटवाली एकच संशयित. पण थांबा, पॅकमॅनसारखे काही बोर्ड चालू होताना आपली रॅम आपणच तपासतात. तुमचाही तपासत असेल आणि रॅम ठीक म्हणत असेल, तर बिट रॅममध्ये नाही, रॅममधून ठशांच्या रॉमपर्यंत जाताना मध्ये जो लॅच नाहीतर बफर (सिग्नल धरून पुढे पाठवणारी चिप) लागतो तिथे चिकटलाय. लॉजिक प्रोब (पायावर हाय, लो की पल्स ते दाखवणारं पेन) लावा. इनपुटला पल्स आणि आउटपुटला कायम हाय, तो आयसी गेला. त्या काळातले फुजित्सूचे ७४एलएस असतील तर आधी तेच बघा, ते या बाबतीत बदनाम आहेत. चांगली चिप वर चढवून बघायची युक्ती पण आहे, पण ती आतून तुटलेल्या आउटपुटला चालते, चिकटलेल्याला नाही, तुमच्या केसमध्ये उपयोग कमीच.

हुक्केरीहून: लाल रंगच नाही, सगळं निळं-हिरवं. बोर्ड फेकू?

उत्तर: फेकू नका, माझ्याकडे पाठवा! थट्टा जाऊ दे. दुसरा बोर्ड लावून बघा, तिथेही लाल नसेल तर दोष वायरिंगचा किंवा मॉनिटरचा. जामा कनेक्टरवर (बोर्ड मशीनला जोडायची ठरलेली पट्टी) चिप असलेल्या बाजूचा पाय १२ लाल, १३ निळा, आणि खालच्या बाजूला एन हिरवा. बहुतेक वेळा १२ नंबरची पट्टी काळी पडलेली असते. मॉनिटरच्या मागे मात्र हात घालू नका, ट्यूबला वीस हजार व्होल्टच्या वर असतात आणि बंद केल्यावरही राहतात.

शहापूर, बेळगाव: माझ्याकडे ओरिजनल मुस्तफा आहे, बंद डब्यातला. गेली काही वर्षं कपाटात होता, आता चित्राचा पत्ता नाही. खानापूरवाल्यांसारखंच का?

उत्तर: अजिबात नाही, तुमचं दुखणं वेगळंच आहे. ओरिजनलमध्ये लिथियम बॅटऱ्या असतात. एक साउंडच्या झेड-८० ची कुलूपबंद प्रोग्राम उलगडायची किल्ली जपते, दुसरी चित्र जमवणाऱ्या कॅपकॉमच्या चिपची सेटिंग. बॅटरी उतरली की चिप आपली सेटिंग विसरते आणि थर भलतेच लागतात किंवा काहीच दिसत नाही. रॉम, रॅम सगळं धडधाकट आणि तरी स्क्रीन कोरी. आता नुसती नवीन बॅटरी टाकून भागत नाही, गेलेली सेटिंग परत भरायला लागते. ती भरायचे मार्ग लोकांनी शोधलेत, पण ते बारीक सोल्डरिंगचं काम आहे, पहिल्यांदा करत असाल तर दुसऱ्या कुठल्या भंगार बोर्डावर हात बसवून घ्या. डुप्लिकेटवाल्यांना ही बॅटरीची कटकट नसते, त्या बाबतीत खानापूरकर नशीबवान.

चिक्कोडीहून: वीस मिनिटं झकास चालतो, मग माणसांचे तुकडे उडतात. बंद करून चहा पिऊन आलं की परत नीट.

उत्तर: तापल्यावर एखादी चिप दगा देते. केस वाळवायचं मशीन एकेका भागावर थोडं लांबूनच धरा, जिथे गरम केल्यावर तुकडे लवकर उडतात तो भाग पकडा, मग गार करायचा स्प्रे एकेका चिपवर मारा. ज्या चिपवर मारल्यावर चित्र सुधारतं ती बदला. आणि घरात अक्का असेल तर मशीन विचारून घ्या.